हरणाबाईंच्या पिशवीतला दगड

१

हरणाबाईंनी पिशवीचं तोंड सोडलं आणि देवाच्या जागी दगड निघाला.

चतुःशृंगीचं दर्शन घेऊन आम्ही नुकतेच पायथ्याशी उतरलो होतो. गाडीच्या सावलीत सतरंज्या टाकल्या होत्या, बायकांनी भाकरीची फडकी सोडली होती, कुणाच्या तरी डब्यातल्या ठेच्याचा वास सुटला होता. घास घ्यायच्या आधी देवाला हात जोडायचे हा हरणाबाईंचा नेम. तो सकाळी चहाच्या थांब्यावरच सगळ्या गाडीला कळला होता, कारण वडापावाला हात लावायच्या आधीही त्यांनी हेच केलं होतं. कमरेची पिवळी पिशवी काढायची, तिच्यात काठोकाठ भंडारा, म्हणजे देवाची हळद, आणि त्या हळदीत पुरलेला चांदीचा टाक. टाक म्हणजे पत्र्यावर ठोकून काढलेली देवाची मूर्ती. हा बिरोबाचा होता, घोड्यावर बसलेला, झिजून नाकडोळे गेलेला.

आता हळदीतून त्यांनी बोटांनी उकरून काढला तो रस्त्याकडेचा चपटा दगड.

"माजा द्येव कुटं गेला?" त्या म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. शेजारणीला चमचा कुठं गेला विचारावं तशा म्हणाल्या, आणि मग हातातला दगड तसाच धरून बसून राहिल्या.

पिशवी तुमच्या कमरेलाच होती ना, असं कुणीतरी विचारलं. नव्हती. पायऱ्या चढताना पिशवी घामेजते, भंडारा भिजतो, म्हणून त्यांनी ती गाडीत सीटवरच्या थैलीत ठेवली होती. सगळ्यांनीच सामान गाडीत ठेवलं होतं.

"ठिवायला सांगितलं कुनी?" मागून आवाज आला. हरणाबाईंचे चुलत दीर ज्योतिबा नाना. गुलाबी पटका, पांढऱ्या मिशा, गाडीतला सगळ्यात गप्प माणूस. "ह्या पोरीनंच की. सामान गाडीत ठेवा, काय हुत न्हाई म्हनली."

सगळी गाडी मायाकडं बघायला लागली.

२

माया आमची गाईड. मलकापूरची. सहलवाल्यांचा केशरी टी-शर्ट, हातात माइक, आणि गर्दीत आम्ही हरवू नये म्हणून भर उन्हात उंच धरलेली निळी छत्री. साताऱ्याहून पहाटे निघायचं, दिवसभर पुणं दाखवायचं, रात्रीच्या जेवायला घरी आणून सोडायचं, असा तिचा धंदा. पोरगी बोलायला गोड होती.

तिनं मालकाला फोन लावला. तानाजीशेठचा आवाज एवढा मोठा की स्पीकर लावायची गरजच नव्हती. "सापडलं तर ठीक. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, आणि पोलीस आले तर तुझं तू बघ."

मग मात्र माझं डोकं फिरलं.

मी संयोगिता. नोकरी तुरुंगात केली. शिपाई म्हणून केली, हे नीट सांगावं लागतं, कारण लोक उगाच गैरसमज करून घेतात. आत येणाऱ्या बाईची झडती घ्यायची, तिनं कुठं काय लपवलंय ते शोधायचं, हे माझं काम. साताऱ्यात लोक मला अजून जेलच्या बाईच म्हणतात. या सहलीला मी हौसेनं आलेच नव्हते. सुनेनं तिकीट काढून हातात ठेवलं. मला पुणं बघायचं नव्हतं, आणि सुनेला एक दिवस मला बघायचं नव्हतं, एवढीच त्यामागची कथा.

मी मायाच्या हातातला फोन घेतला. "तानाजीशेठ, तुमची गाडी, तुमचा ड्रायव्हर, आम्ही खाली आलो तर दार उघडंच. पोरीवर कशाला घसरताय? देव सापडल्यावर बोलू." आणि फोन बंद केला.

"कुणी हात धुवायचे नाहीत," मी म्हणाले. "भाकरी नंतर खा. आधी तळहात दाखवा."

कारण साधं होतं. भंडाऱ्यात हात घातल्याशिवाय टाक निघत नाही, आणि भंडाऱ्यात हात घालून तो पिवळा होत नाही असा माणूस जन्माला यायचाय. कोरडी हळद नुसती झटकून जात नाही.

सगळ्यांनी लहान पोरांसारखे हात पुढं केले. मी एकेक बघत गेले आणि मनातल्या मनात कपाळावर हात मारला. देवीपुढं पुजाऱ्यानं प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर कुंकू दिलं होतं. घामानं ते पसरलं होतं. माझा हात लाल, मायाचा लाल, ज्योतिबा नानांचा लाल, साताऱ्याच्या त्या जाड मास्तरणीचा तर कोपरापर्यंत लाल. ड्रायव्हर गुंडाचा तेवढा लाल नव्हता. तो गाडीपाशीच होता, आणि त्याच्या डाव्या तळव्यावर तंबाखूचा चुना पांढुरका वाळला होता. पिवळा हात फक्त हरणाबाईंचा.

मग माझी नजर हातावरून वर गेली. पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या पोटावर, बटणांच्या शेजारी, पिवळ्याजर्द बोटांचे ठसे उमटले होते. शर्ट ऋषिराजचा होता.

३

ऋषिराज कराडकडचा बागायतदाराचा मुलगा. ऊस बापानं लावायचा आणि यानं मोबाईलवर व्हिडिओ काढायचे. सकाळपासून त्यानं आम्हा सगळ्यांना, घाटाला, बोगद्याला आणि वडापावाला मोबाईलमध्ये घातलं होतं. आणि हेही सगळ्यांनी ऐकलं होतं, की चहाच्या थांब्यावर त्यानं हरणाबाईंना विचारलं होतं, "आजी, हा टाक विकता का? जुना माल आहे, पुण्यात गिऱ्हाईक मिळेल." हरणाबाई हसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "तुजी आय इकतोस का, बाळा?"

मी त्याला बाजूला घेतलं. "हे पिवळं कसलं?"

"काकू, सकाळचं आहे ते. मी टाक हातात घेऊन व्हिडिओ काढला ना, मग शर्टाला हात पुसले. हे बघा." त्यानं मोबाईल पुढं केला. व्हिडिओत चहाचा थांबा, त्याचे दात, आणि शर्टावर हेच ठसे. टाक हरणाबाईंच्या हातात परत जातानाही दिसत होता. हात त्यानं तिथंच नळावर घासून धुतले होते, तेही बोलताना मोबाईलमध्ये आलं होतं. हल्लीची पोरं स्वतःची साक्ष स्वतःच काढून ठेवतात.

"मध्येच खाली आलास ना तू?"

"पॉवर बँक राहिली होती. आलो, घेतली, गेलो. तेव्हा माया गाडीतच होती. नाना झाडाखाली आडवे, तोंडावर पटका. ड्रायव्हर नव्हता."

मग माया. तिला मी पाणी पाजलं, तेव्हा कुठं बोलली. "मी आले होते ताई. मास्तरीणबाईंना चक्कर आली अर्ध्या वाटेवर. साखरेची पुडी माझ्या पर्समध्ये होती, पर्स गाडीत. मी कुणाच्या सामानाला हात लावला नाही."

"खाली कोण कोण राहिलं होतं?"

"गुंडादादा, आणि ते ज्योतिबा काका. त्यांना सुतक आहे, देवीपुढं चालत नाही म्हणाले. मग मी आग्रह नाही केला." तिचे डोळे परत भरले. "ताई, घरात मी एकटीच कमावती आहे. चोर म्हणून गेले तर मला दुसरी कुठली गाडी मिळणार?"

"रडणं थांबव. रडणारीवर लोकांचा संशय लवकर बसतो," मी म्हणाले. हे मी नोकरीत पाहिलंय.

गुंडाला बोलवायची गरजच पडली नाही, तो स्वतःच आला. "बाई, म्या दार उघडं ठिवलं, ते चुकलं माजं. आत लय गरम हुत हुतं. नानांनी मळून दिलेली तंबाखू खाल्ली, नानांस्नी म्हनलं जरा गाडीकडं बगा, आन् च्या प्यायला गेलो. समोरच्या टपरीवर. विचारा पायजे तर."

टपरीवाल्याला विचारलं. गुंडा तिथं होता. पण टपरीवरून गाडीचं दार दिसत नव्हतं, आणि चहा प्यायला कितीसा वेळ लागतो.

चौघंही गाडीपाशी येऊन गेलेले. चौघांकडंही उत्तर तयार. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, मी त्यांची नि बाकीच्यांची सामानं पिशवीन्‌पिशवी झाडून बघितली, सीटखाली वाकून बघितलं, नानांनी न मागता पटका सोडून दाखवला, आणि टाक काही सापडला नाही.

तेवढ्यात हरणाबाईंचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. "माजी लेक हाय. तिला काय सांगू मी?"

४

मी फोन उचलला नाही, वाजू दिला. आधी हरणाबाईंना सावलीत नेऊन बसवलं.

"मला नीट सांगा. देव घेऊन सहलीला कशाला आलात? लोक डबे घेऊन येतात."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "आवं ताई, पुनं बगायला कोन आलंय. माजी सोनिया हितं दवाखान्यात नर्स हाय. एकच लेक. मालक गेलं. मेंढरं इकली, आता मी एकटी त्या वाडीवर. तिनं हितं खोली घेतली, सोताच्या पैशाची. मला म्हनली, आये, तू येत न्हाईस तर न्हाई, पर माज्या घरात आपला द्येव बसव. ही गाडी मेट्रो दाखवायला न्हेते म्हनल्यावर म्हनलं ह्याच गाडीनं जावं. ती ठेसनावर येनार हाय. तिच्या हातात द्यायचा आन् माघारी फिरायचं."

"घरी कुणाला माहीत होतं?"

"चोरून कशाला करू? भावजींना सांगितलं हुतं. माजा सासरा आन् त्येंचा बा सख्खं भाऊ. आमची भावकी एकच. भावकीत आता त्येच मोठं. ऐकून गपच बसलं. मग म्हनलं, मी बी येतो, पुनं बगतो."

"आणि आज नाही दिला तर?"

"आज न्हाई दिला तर झालंच." त्यांनी दगड अजून मुठीतच धरला होता. "पोरीला द्येव देत्यात का, म्हनून वाडीत कुजबुज हाय. परत मला कोन त्यो उंबऱ्याभाईर काडू द्येत न्हाई. आन् आता त्यो ऱ्हायलाच कुटं."

मी उठले. काहीतरी डोक्यात टोचत होतं, चपलेत खडा गेल्यासारखं, पण काय ते सापडेना. मग म्हटलं, माणूस राहू दे, आधी वस्तू शोधू. तुरुंगात आम्ही असंच करायचो. लपवणाऱ्याच्या मनात काय आहे ते कळलं की जागा कळते. पैशाचा भुकेला असेल तर तो वस्तू मोज्यात घालतो, चपलेत घालतो, गाडीच्या टायरमागं खुपसतो, कारण त्याच्या लेखी ती नुसती चांदी. पण नुसती चांदी हवी असती तर भंडाऱ्याची पिशवी थैलीसकट उचलून कुणीही चालता झाला असता. या माणसानं थांबून पिशवी सोडली, दगड घातला, वरून भंडारा सारखा केला, आणि गाठ जशीच्या तशी मारली. भंडारा सांडू दिला नाही. सीटवर पिवळा कण नव्हता, ते मी वाकून बघितलंच होतं.

देवाची हळद खाली सांडू न देणारा चोर. असा माणूस देव चपलेत ठेवील का? सीटखाली, लोकांच्या पायाशी ठेवील?

मी गाडीत चढले आणि सरळ ड्रायव्हरच्या जागी गेले. काचेखाली गुंडाचे देव होते. चौकटीतली अंबाबाई, तिला सकाळचा झेंडूचा हार, पुढं विझलेली उदबत्ती. चौकट जराशी पुढं झुकली होती. मी हार बाजूला केला, मागं हात घातला.

बोटांना गार पत्रा लागला.

५

देव सापडला म्हणून कुणी आनंद करेल असं मला वाटलं होतं. छे. हरणाबाईंनी टाक कपाळाला लावला आणि त्या ढसाढसा रडल्या, तेवढंच. बाकीचे सगळे गुंडावर.

ऋषिराजनं तर त्याची कॉलरच धरली. "तुझ्याच देवाच्या मागं सापडला. अजून काय पुरावा पाहिजे?"

"आईशप्पत मी न्हाई," गुंडा म्हणत होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं.

"सोड त्याला," मी म्हणाले. "चोरी करून कुणी माल स्वतःच्या नाकासमोर ठेवतो का? दिवसभरात दहा वेळा त्या चौकटीला हात लावतो तो. आणि हात बघ त्याचा. सकाळपासूनचा चुना तसाच आहे."

हे बोलता बोलता मी थांबले. चुना. आणि एकदम ती टोचणारी गोष्ट सापडली.

आमच्याकडं पूर्वी कुंकू विकत आणत नसत. माझी आई घरी करायची. हळकुंडाची पूड, आणि त्यात चुना. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे आमच्या भागातल्या कुठल्याही बाईला विचारा. पिवळा हात शोधत मी सगळ्या गाडीभर फिरले, आणि ज्या हातावर तंबाखू मळतात तो हात पिवळा राहणारच नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. जेलच्या बाई म्हणे.

"गुंडा," मी म्हणाले, "गाडीपुढं लिंबू-मिरची बांधलीय ना? लिंबू सोडून आण."

"बाई, सकाळीच बांधलंय. सोडू नगा, अपशकुन हुतो."

"कॉलर धरली गेली तो शकुन होता का? आण."

त्यानं लिंबू आणलं. ऋषिराजच्या चाकूनं मी ते चिरलं. पहिल्यांदा माझ्याच तळहातावर पिळलं आणि चोळलं. कुंकू ओलं झालं, ओघळलं, पण लालच राहिलं. बाजारचं कुंकू, त्यात रंगच असतो. मग मायाचा हात घेतला, लाल. मास्तरीणबाईंचा, लाल. ऋषिराजचा, लाल. लोकांना वाटलं जेलच्या बाईंना ऊन लागलं.

मग मी ज्योतिबा नानांपुढं गेले. "नाना, हात."

त्यांनी उजवा पुढं केला.

"डावा," मी म्हणाले.

डावा हात त्यांनी हळूच उघडला. म्हाताऱ्या, भेगाळलेल्या तळव्याच्या मधोमध लालसर डाग होता, तंबाखू मळायच्या जागी. मी लिंबू पिळलं. रस भेगांतून पसरत गेला, आणि जिथं जिथं गेला तिथं लाल उतरून पिवळंधमक झालं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. हरणाबाईंच्या हाताला होतं तेच पिवळं.

गाडीवर बसलेला कावळा तेवढा ओरडत होता.

६

"देवीचा भंडारा आसंल," नाना म्हणाले. "वर देवळात लागला आसंल हाताला."

"काका," माया हळूच म्हणाली, "तुम्ही वर आलाच नव्हता. तुम्हाला सुतक आहे म्हणालात मला."

मी काही बोलणार होते, पण मला बोलावंच लागलं नाही. हरणाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

"सुतक?" त्या म्हणाल्या. "आपल्यात?"

नाना खाली बघत होते.

"भावजी, तुमास्नी सुतक म्हंजे मला बी सुतक. एकच भावकी हाय आपली. मी तर आता देवीच्या पाया पडून आले. कोन गेलं आपल्यातलं? मला कसं कुनी सांगितलं न्हाई?"

हरणाबाईंच्या कानावर गेली नसती तर ती थाप पचलीही असती. मायाला त्यांच्या भावकीतलं काय माहीत? ऐनवेळी सुचलं ते सांगितलं. पण सुतक एकट्याचं नसतं, हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, आणि नेमकं तेच तो विसरला होता.

"कुनाला मारलंत, भावजी?" हरणाबाईंनी परत विचारलं. रागानं नाही. मला ते ऐकवेना.

नाना मटकन पायरीवर बसले, गाडीच्या पायरीवर. पटका काढून गुडघ्यावर ठेवला. पांढरं विरळ डोकं उघडं पडलं.

"मी घरला न्हेनार नव्हतो, वैनी," ते म्हणाले. "बिरोबाची आन. संध्याकाळी उतरताना काडून घेनार हुतो आन् वाडीच्या देवळात ठिवनार हुतो. आपल्या समद्यांच्या देवळात. पोरीकडं गेला तर उद्या तिचं लगीन हुनार. मग आपला द्येव कुनाच्या आडनावाखाली बसायचा? दादा आसता तर त्यानं दिला आसता का?"

"तुमच्या दादानंच तिला नर्सिंगला घातलं. तवा बी तुमी समदी गप बसला हुतासा," हरणाबाई म्हणाल्या. "आन् द्येवाला आडनाव कवापासनं लागलं? डोंगरात मेंढरामागं हिंडत हुता त्यो, आपल्यासंगट."

नानांनी गुडघ्यावरचा पटका मुठीत धरला.

"आन् ह्या पोरीचं काय?" हरणाबाईंनी मायाकडं बोट दाखवलं. "म्हाईत आसून तिच्यावर ढकललंत. तिची नोकरी जात हुती. आदी तिला बोला. माजं मागनं बगू."

म्हातारा उठला. त्यानं मायापुढं दोन्ही हात जोडले, डावा अजून पिवळाच. "चुकलं, बाई," एवढंच म्हणाला. मायाला काय करावं कळेना, तिनं त्यांचे हात खाली केले. मी तिच्याच फोनवरून तानाजीशेठला फोन लावला आणि देव सापडला, तुमच्या गाईडच्या अक्कलहुशारीमुळं सापडला, असं सांगितलं. थोडं खोटं होतं. पण सुतकाची गोष्ट तिनंच सांगितली होती, त्यामुळं अगदीच खोटं नव्हतं.

पोलिसांना बोलवायचं का, असं ऋषिराजनं विचारलं. हरणाबाईंनी मान हलवली आणि भाकरीचं फडकं सोडलं. टाक फडक्यासमोर ठेवून हात जोडले. मग एक भाकरी मोडून अर्धी नानांपुढं ठेवली.

७

मेट्रोच्या स्टेशनाखाली सोनिया उभी होती. दवाखान्यातून तशीच आली होती, ओळखपत्र गळ्यात, हातात नवीन तांबडं कापड आणि नारळ. आईला बघून ती हसली, आणि तिच्या मागं नानांना बघून जरा बावरली. वाडीतली कुजबुज तिच्यापर्यंतही पोचली असणार.

गाडीत आम्ही सगळ्यांनी ठरवलं नव्हतं, पण कुणी काही बोलणार नाही हे ठरल्यासारखंच होतं. ऋषिराजनं मोबाईल खिशात घातला. मला वाटतं दिवसातून पहिल्यांदाच.

हरणाबाईंनी कमरेची पिवळी पिशवी काढली. मला वाटलं लेकीच्या हातात देतील. त्यांनी ती नानांच्या हातात दिली.

"मी?" नाना म्हणाले.

"घरातलं मोठं मानूस तुमीच. मोठ्यानं दिला म्हंजे द्येव राजीखुशीनं गेला. वाडीत मग कुनी इचारलं तर तुमीच सांगा, म्या दिला म्हनून."

नाना पिशवी धरून उभे राहिले. वरून एक मेट्रो गेली, मायानं छत्री उंच धरली होती ती खाली केली. मग त्यांनी पिशवी पुढं केली. सोनियानं तांबडं कापड दोन्ही हातांवर पसरलं, देव त्यावर घेतला, कपाळाला लावला. चिमूटभर भंडारा काढून तिनं आधी नानांच्या कपाळाला लावला, मग आईच्या. आणि नानांच्या पाया पडायला वाकली.

उठताना तिचं लक्ष त्यांच्या डाव्या हाताकडं गेलं. तिनं तो हात आपल्या हातात घेतला.

"केवढा पिवळा झालाय हात, नाना," ती म्हणाली. "वाटंत सारा येळ तुमीच सांभाळला वाटतं देव?"

नानांनी हरणाबाईंकडं बघितलं. हरणाबाई दुसरीकडं बघत होत्या.

"व्हय, बाय," म्हातारा म्हणाला. पटक्याचं टोक तोंडावर धरून तो तिथंच रडायला लागला. सोनियाला वाटलं, देव घराबाहेर चालला म्हणून रडताहेत. तिनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि सांगितलं, दरवर्षी यात्रेला मी देव घेऊन वाडीला येईन, तुम्हीच त्याला पालखीत बसवा.

माझेही डोळे भरले होते, उन्हाचं निमित्त मी सांगणार नाही. मायानं घसा साफ केला, माइक तोंडाला लावला आणि सगळ्यांना तिकिटं जपून ठेवायला सांगितली. मग आम्ही मेट्रोत बसायला वर गेलो.